मेजर रेनेल : पायांनी मोजलेला बंगाल, तर्काने मांडलेला आफ्रिका

१८८८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात लुई गुस्ताव बँजे हा फ्रेंच लष्करी अधिकारी पश्चिम आफ्रिकेतील कोंग या गावी पोहोचला. आजच्या आयव्हरी कोस्ट देशाच्या उत्तर भागात हे गाव येते. त्या काळच्या युरोपीय नकाशांवर विश्वास ठेवायचा तर त्याला तेथे एक प्रचंड पर्वतरांग लागावयास हवी होती. पूर्व-पश्चिम पसरलेली, शेकडो मैल लांबीची, नायजर नदीला समुद्रापासून तोडणारी ही रांग 'कोंगचे पर्वत' या नावाने युरोपातील शाळकरी मुलांनाही ठाऊक होती. बँजेने आजूबाजूला पाहिले, तेव्हा त्याला किरकोळ उंचवटे आणि टेकाडे यांपलीकडे काही दिसले नाही. पर्वतरांग नव्हतीच. ती कधीही नव्हती. १८८९ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेपुढे त्याने हे जाहीर केले, तोवर हा पर्वत नकाशांवर नव्वद वर्षे उभा होता.

हा पर्वत कोणा थापाड्या प्रवाशाने किंवा नफेखोर नकाशाविक्याने उभा केला असता, तर त्यात नवल वाटले नसते. तो ज्याने उभा केला, त्या मेजर जेम्स रेनेलचे नाव इंग्लंडमध्ये अचूकपणाचा दाखला म्हणून घेतले जात असे. भारतीय उपखंडाचा पहिला भरवशाचा इंग्रजी नकाशा याच माणसाचा. बंगालमध्ये वर्षानुवर्षे जंगल, दलदल आणि नद्या तुडवून, एकदा तर मरणाच्या दारातून परत येऊन त्याने तो प्रांत मोजला होता. अशा माणसाच्या हातून नसलेला पर्वत कसा काय काढला गेला, हा प्रश्न त्याच्या चरित्रातील इतर कोणत्याही मानसन्मानापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे.

लॅम्बटन आणि एव्हरेस्ट ही भूमापनाशी निगडित नावे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानांवरून गेलेली असतात. रेनेल त्यांच्याही आधीचा. ३ डिसेंबर १७४२ रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील चडली या गावाजवळ त्याचा जन्म झाला. वडील तोफखान्यात अधिकारी होते. रेनेल जेमतेम पाच वर्षांचा असताना ते युरोपातील लढाईत मारले गेले. आईने पुढे दुसरा विवाह केला आणि मुलाला गावच्या धर्मगुरूंनी आपल्या घरी वाढविले. १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी तो आरमारात उमेदवार म्हणून दाखल झाला. सप्तवार्षिक युद्धाला त्याच वर्षी तोंड लागले होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील चढायांत या पोराने लढाई तर पाहिलीच, पण मोकळा वेळ मिळताच किनाऱ्याची रेखाटनेही केली. १७६० मध्ये त्याचे जहाज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले. पाँडिचेरीच्या वेढ्यात त्याने भाग घेतला. समुद्राची खोली मोजणे, किनाऱ्याच्या खुणा घेणे, सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढणे या गोष्टी त्याने जहाजावरच आत्मसात केल्या.

आरमारात वरच्या जागी जायचे तर वशिला लागे आणि रेनेलला कोणी वाली नव्हता. १७६३ मध्ये युद्ध संपले, बढतीची आशाही संपली. त्याने आरमार सोडले, काही काळ मद्रासच्या व्यापारी जहाजावर काम केले आणि १७६४ मध्ये तो कलकत्त्याला आला. तेथे ओळखीच्या एका मित्राने गव्हर्नर व्हॅन्सिटार्टकडे शब्द टाकला. कंपनीला मोजणीदार हवाच होता. एप्रिल १७६४ मध्ये एकवीस वर्षांच्या रेनेलची नेमणूक झाली.

पहिले काम अगदी व्यवहारी होते. गंगेतून कलकत्त्याला येणाऱ्या हुगळीच्या पश्चिमेकडील वाटा उन्हाळ्यात आटत आणि मालाच्या मोठ्या नावा अडकून पडत. तेव्हा बारमाही पाणी असणारी, जवळची वाट शोधून काढणे एवढाच हुकूम होता. नव्या विद्येचा प्रसार वगैरे गोष्टी नंतर लिहिल्या गेल्या. कंपनीच्या दृष्टीने नकाशा म्हणजे आधी माल, मग फौज आणि मग महसूल. १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीच्या हाती आली आणि हे काम एकाएकी मोठे झाले. ज्या मुलुखाचा सारा गोळा करायचा, तो मुलूख मुळात आहे केवढा, हेच कंपनीच्या कारभाऱ्यांना सांगता येत नव्हते.

रेनेलची रोजनिशी उपलब्ध आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ती १९१० मध्ये छापली. रोजचे अंतर, दिशा, नदीच्या पात्राची रुंदी, खोली, वाटेतील गावे आणि हवामान अशा कोरड्या नोंदींनी ती भरलेली आहे. पण या कोरडेपणातच त्याच्या कामाची पद्धत दिसते. जमिनीवरून चालताना साखळीने किंवा चाकाच्या यंत्राने अंतर मोजायचे, वळण आले की होकायंत्राने दिशा घ्यायची, दूरचे देऊळ, मोठे झाड किंवा टेकडी दिसली तर तिचा कोन टिपायचा, दुपारी सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढायचा आणि रात्री तंबूत बसून सगळे ताडून पाहायचे. पावसाळ्यात मोजणी बंद पडे. तेव्हा ढाक्याला मुक्काम करून कोरड्या ऋतूत जमविलेल्या आकड्यांचे नकाशे तयार होत. नंतरच्या काळातील त्रिकोणी मोजणीच्या मानाने ही पद्धत स्थूल होती हे खरे. चुका साठत जात. तरीही मोजणारा माणूस प्रत्येक वळणावर स्वतः उभा राहिलेला होता.

या उभे राहण्याची किंमतही त्याने मोजली. एका मुक्कामात बिबळ्याने टोळीवर झडप घातली, पाच माणसांना जखमी केले. रेनेलने संगीन त्याच्या जबड्यात खुपसून त्याला मारले. हिवतापाने तर त्याचा पिच्छा कधीच सोडला नाही. पण सर्वांत मोठा प्रसंग ओढवला तो फेब्रुवारी १७६६ मध्ये, कूचबिहारच्या परिसरात. त्या भागात शस्त्रधारी संन्याशांच्या टोळ्या वावरत होत्या. स्थानिक सत्तेच्या भांडणात त्यांना कामाला लावले जाई आणि कंपनीच्या फौजेशी त्यांच्या चकमकी होत. अशाच एका चकमकीत रेनेल उपसलेल्या तलवारींच्या गराड्यात सापडला. खांद्याचे हाड कापले गेले, बरगड्यांपर्यंत वार पोहोचले, डावा हात निकामी होण्याच्या बेतात आला. जवळ वैद्य नव्हता. वैद्य होता तीनशे मैलांवर, ढाक्याला. रेनेलला उघड्या नावेत पालथे झोपविण्यात आले. सोबतची देशी माणसे जखमांवर कांद्याचे पोटीस बांधत होती आणि नाव कोणत्या फाट्याने न्यायची हे तो त्या अवस्थेत पडल्या पडल्या सांगत होता. त्या नद्यांची मोजणी त्यानेच केलेली होती!

तो वाचला. उजव्या हाताने लिहिता येत होते, तेवढे त्याला पुरेसे वाटले असावे. डाव्या तर्जनीची हालचाल मात्र कायमची गेली आणि प्रकृती पूर्ववत कधी झालीच नाही. क्लाइव्हने १ जानेवारी १७६७ रोजी त्याला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमले, तेव्हा रेनेल चोवीस वर्षांचा होता. या पदाची सुरुवातच त्याच्यापासून झाली.

येथे ब्रह्मपुत्रेची हकीकत थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण पुढे आफ्रिकेत जे घडले त्याचे बीज त्यात आहे. १७६५ मध्ये रेनेल ही नदी मोजीत वर निघाला. जुन्या वर्णनांप्रमाणे ती उत्तरेकडून यायला हवी होती. प्रत्यक्षात ती पूर्वेकडून येत होती आणि पात्र तर गंगेहूनही मोठे होते. रेनेल चकित झाला. आसामच्या सीमेवर मोजणी थांबली, कारण पुढे अहोम राजांचा मुलूख होता आणि तेथे शिरण्याची परवानगी नव्हती. त्याने मग चौकशी आरंभली. नदीच्या वरच्या भागाविषयी स्थानिकांकडून जे कळले, पात्राचा जो आकार डोळ्यांना दिसला आणि तिबेटमधील त्सांगपो नदीविषयी जे छापील साहित्य होते, ते सारे एकत्र ठेवून त्याने निष्कर्ष काढला की तिबेटातील त्सांगपो हीच बंगालमधील ब्रह्मपुत्रा होय.

हा निष्कर्ष धाडसाचा होता, कारण त्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता झाँ बाप्तीस्त बुर्गिन्याँ दांव्हील. पॅरिसच्या या भूगोलतज्ज्ञाने आयुष्यात फारसे पॅरिस सोडले नाही, पण दहा हजारांच्या आसपास नकाशांचा संग्रह करून आणि प्रवाशांची वर्णने एकमेकांशी घासून त्याने चीनचे, आफ्रिकेचे, हिंदुस्थानचे जे नकाशे काढले ते त्या शतकातील सर्वोत्तम गणले गेले. त्सांगपो ही ब्रह्मदेशातील इरावतीला मिळते असे दांव्हीलचे मत होते. या बाबतीत रेनेल बरोबर ठरला. परंतु त्याचा दाखला मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १८८० नंतरच्या चार वर्षांत किंथुप या सिक्कीमच्या माणसाने अपार हालअपेष्टा सोसून त्सांगपोच्या घळीचा माग काढला आणि १९१३ मध्ये बेली व मोर्सहेड या अधिकाऱ्यांनी उरलेली शंका दूर केली. रेनेलने स्वतः तो दुवा डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. त्याने तो तर्काने जोडला आणि तर्क खरा निघाला.

दांव्हीलचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. १७४९ मध्ये त्याने आफ्रिकेचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याआधीच्या नकाशाकारांना मोकळी जागा सहन होत नसे. जेथे माहिती नसे तेथे हत्ती, सिंह, काल्पनिक नगरे आणि राज्ये काढून जागा भरली जाई. दांव्हीलने हे सगळे पुसून टाकले. आधार नसेल तेथे त्याने कागद कोरा सोडला. खंडाच्या अंतर्भागात मोठमोठे पांढरे पट्टे दिसू लागले. माहीत नाही हे नकाशावर कबूल करण्याची ही रीत त्या काळी नवी होती. रेनेल दांव्हीलला फार मानत असे.

१७७२ मध्ये रेनेलचा विवाह जेन थॅकरे हिच्याशी झाला. कादंबरीकार थॅकरेच्या आजोबांची ती बहीण. हे आजोबा त्या वेळी कंपनीच्याच नोकरीत बंगालमध्ये होते. १७७७ मध्ये ताप आणि जुन्या जखमांनी थकलेल्या रेनेलने हिंदुस्थान सोडले. वाटेत सेंट हेलेना बेटावर त्यांना मुलगी झाली. तिचे नावही जेन ठेवण्यात आले, आणि वडिलांचे अखेरचे पुस्तक पुढे तिच्याच हातून बाहेर पडायचे होते. वॉरन हेस्टिंग्जने त्याला वर्षाला ६०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले होते. कंपनीने ते मान्य करायला बराच वेळ घेतला. एवढी चालढकल ज्याच्या बाबतीत झाली त्याच्याच नकाशांवर कंपनीची बंगालमधील फौज आणि महसूल खाते चालत होते.

लंडनला परतल्यावर रेनेलचे दुसरे आयुष्य सुरू झाले. ते टेबलापाशी गेले. १७७९ मध्ये 'बेंगॉल अ‍ॅटलस' निघाला. हे त्याच्या स्वतःच्या आणि हाताखालच्या मोजणीदारांच्या कामाचे फळ. १७८१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७८२ मध्ये त्याने संपूर्ण हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला आणि सोबत एक स्पष्टीकरणाची पुस्तिका जोडली. १७८८ मध्ये त्याची मोठी, सुधारित आवृत्ती निघाली. नकाशाच्या कोपऱ्यातील चित्रात ब्रिटानिया देवता उभी असून देशी पंडित तिच्या हाती आपले ग्रंथ सोपवीत आहेत. कोण कोणाला काय देत होते, याचा यापेक्षा उघड कबुलीजबाब शोधून सापडणार नाही.

मराठी वाचकाला या नकाशात विशेष गोडी वाटावी असा भाग म्हणजे आपला मुलूख. रेनेलने तो पाहिलेला नव्हता. नर्मदेच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस त्याची साखळी कधी पडली नाही. मग पुणे, बऱ्हाणपूर, औरंगाबाद नकाशावर आले कोठून? ते आले इतरांच्या पावलांवरून. कर्नल अप्टन हा कंपनीचा वकील १७७५-७६ मध्ये काल्पीहून पुण्याकडे आला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्या प्रवासात घेतलेल्या नोंदी रेनेलच्या उपयोगी पडल्या. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांना मराठ्यांपुढे नामुष्कीचा करार करावा लागला, तेव्हा त्यांच्या मदतीला निघालेली जनरल गॉडर्डची फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून बऱ्हाणपूरच्या जवळ आलेली होती. फेब्रुवारीअखेर ती सुरतेला पोहोचली. लढायला ती उशिरा आली, नकाशाला मात्र वेळेवर आली. तिच्या मार्गाची मोजणी रेनेलला मिळाली. दख्खनमध्ये फ्रेंच सेनानी बुसीने केलेल्या कूचांच्या नोंदीही त्याने वापरल्या.

या साधनांत देशी माणसेही होती आणि रेनेलने आपल्या पुस्तिकेत त्यांची नावे घेतली, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. गुलाम महंमद नावाच्या सिपाही अधिकाऱ्याला १७७४ मध्ये बंगाल आणि दख्खनमधील वाटा पाहण्यास पाठविण्यात आले होते. गुजरातच्या एका भागाचा नकाशा सदानंद नावाच्या ब्राह्मणाने काढला होता. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत तो रेनेलकडे पोहोचला. या सदानंदाच्या बुद्धिमत्तेची आणि ज्ञानाची रेनेलने मोकळ्या मनाने तारीफ केली आहे. इंग्रजी छपाईत हिंदुस्थानी नकाशाकाराचे नाव येण्याची ही फार मोजक्या उदाहरणांपैकी एक गोष्ट. बाकी ज्या नावाड्यांनी, हरकाऱ्यांनी, दुभाष्यांनी आणि साखळी ओढणाऱ्या माणसांनी बंगालची मोजणी शक्य केली, त्यांची नावे आपल्याला सापडत नाहीत.

हिंदुस्थानच्या नकाशासोबतची पुस्तिका आज वाचली तर तिचा प्रामाणिकपणा जाणवतो. अमुक गाव अमुक ठिकाणी का ठेवले, ते अंतर कोणी सांगितले, त्या प्रांतातील कोस किती लांबीचा धरला, दोन साक्षीदारांत मेळ नसेल तर कोणाचे मानले आणि का, हे सारे तो एखाद्या न्यायाधीशाच्या सबुरीने मांडतो. अडचण एवढीच, की पुस्तिका फार थोडे लोक वाचतात आणि नकाशा सगळे पाहतात. ज्या नदीच्या काठाने तो चाळीस दिवस चालला ती नदी आणि ज्या नदीविषयी एका व्यापाऱ्याने ऐकीव गोष्ट सांगितली ती नदी, दोन्ही एकाच शाईत आणि एकाच जाडीच्या रेघेने छापल्या जातात.

१७८८ च्या जून महिन्यात लंडनमध्ये आफ्रिकन असोसिएशनची स्थापना झाली. सर जोसेफ बँक्स हा त्यातील प्रमुख. आफ्रिकेचा अंतर्भाग आणि विशेषतः नायजर नदीचे गूढ उकलणे हा संस्थेचा हेतू होता. नदी कोणत्या दिशेने वाहते, येथपासूनच युरोपात वाद होता. संस्थेने प्रवासी पाठवायचे आणि त्यांनी आणलेल्या माहितीचा नकाशा रेनेलने करायचा, अशी वाटणी झाली. रेनेल आफ्रिकेत कधी गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. पण ऐकीव माहितीवरून अंतर काढण्याचे त्याचे कसब असे होते, की उंटांचे तांडे तासाला किती अंतर कापतात याचा हिशेब करून त्याने वाळवंटातील प्रवासाचे दिवस मैलांत बदलण्याचे कोष्टकच मांडले. रॉयल सोसायटीने हा निबंध १७९१ मध्ये छापला आणि त्याच वर्षी त्याला कॉप्ली पदक दिले.

मग आला मंगो पार्क. हा स्कॉटिश डॉक्टर जुलै १७९६ मध्ये सेगू येथे नायजरच्या काठी उभा राहिला आणि नदी पूर्वेकडे वाहते हे त्याने डोळ्यांनी पाहिले. शतकानुशतकांचा एक वाद मिटला. परतीच्या वाटेवर एका टेकडीवरून त्याला अतिदूर अंतरावर काही डोंगर दिसले. ते कोंग नावाच्या मोठ्या राज्यात आहेत, असे लोकांनी त्याला सांगितले. एवढीच काय ती माहिती. दूरवरचे काही माथे आणि एक नाव.

रेनेलसमोर आता कोडे असे होते. नायजर पूर्वेकडे वाहते, मग ती जाते कोठे? दक्षिणेला गिनीचे आखात आहे, तेथे ती का पोहोचत नाही? वास्तविक ती तेथेच पोहोचते. गिनीच्या किनाऱ्यावर असंख्य मुखांनी समुद्राला मिळणाऱ्या ज्या नद्या युरोपीय व्यापारी वर्षानुवर्षे पाहत होते, त्या नायजरच्याच फाट्या होत्या. परंतु त्या दलदलीच्या मुलुखात एका महानदीचे मुख दडलेले आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रेनेलने पार्कच्या दूरच्या डोंगरांना धरून एक सलग रांग कल्पिली. ही रांग पूर्व-पश्चिम असल्यामुळे नदी दक्षिणेकडे वळू शकत नाही. पुढे पूर्वेला वांगारा नावाच्या प्रदेशात ती सरोवरांत आणि दलदलीत पसरते आणि तिचे पाणी उन्हाने उडून जाते, असा त्याने शेवट केला. टॉलेमीच्या काळापासून सांगितल्या जाणाऱ्या 'चंद्रपर्वतां'शी ही रांग जोडली की सारा हिशेब जुळत होता. १७९८ मध्ये त्याने हा नकाशा काढला. १७९९ मध्ये पार्कच्या प्रवासवर्णनासोबत तो छापला गेला आणि पुस्तक हातोहात खपले.

येथे रेनेलने आळस केला असे म्हणता येत नाही. त्याने तेच केले जे ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत केले होते. जेवढे दिसले, ऐकले, वाचले त्यातून न दिसलेल्या भागाचा तर्क बांधला. आसामच्या सीमेवर मात्र त्याच्या पायाखाली खरी नदी होती आणि तिचे वळण त्याने स्वतः घेतले होते. लंडनच्या घरात त्याच्यापाशी होते ते दुसऱ्याने दुरून पाहिलेले माथे. हा फरक त्याला कळला नसेल असे नाही. पण एकदा खरा ठरलेला तर्क माणसाला धीट करतो, असे मला वाटते, आणि पूज्य मानलेल्या दांव्हीलला जेथे आपण चुकीचे ठरविले तेथे त्याची कोरी जागा भरण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. दांव्हीलने हत्ती पुसले होते. रेनेलने तेथे पर्वत आणून ठेवला आणि पर्वत हत्तीपेक्षा अधिक विश्वसनीय दिसतो.

१८०२ च्या सुमारास राइखार्ड या जर्मन भूगोलतज्ज्ञाने नायजर गिनीच्या आखातालाच मिळते असा बरोबर तर्क मांडला होता. पण रेनेलचे वजन दुसऱ्या पारड्यात होते. त्याच वर्षी अ‍ॅरन अ‍ॅरोस्मिथने आणि १८०५ मध्ये जॉन कॅरीने काढलेल्या आफ्रिकेच्या नकाशांत कोंगचे पर्वत दिमाखात उभे राहिले. एकाने काढले म्हणून दुसऱ्याने काढले, दोघांनी काढले म्हणून तिसऱ्याची खात्री पटली. पुढील दशकांत या पर्वतांची उंची वाढली, त्यांच्यावर बर्फ असल्याचे आणि त्यांत सोने असल्याचेही लिहिले गेले. मंगो पार्क मात्र नदीचा शेवट शोधण्यासाठी पुन्हा गेला आणि १८०६ च्या सुमारास बुसाजवळ त्याच नदीत त्याचा अंत झाला.

रेनेलची उरलेली वर्षे लंडनमध्येच गेली. १८०० मध्ये त्याने हिरोडोटसच्या भूगोलावर मोठा ग्रंथ लिहिला. आरमाराच्या नकाशा खात्याचे प्रमुखपद त्याला देऊ केले होते, ते त्याने नाकारले. अभ्यासाला वेळ उरणार नाही असे त्याला वाटले. १७९५ मध्ये ते पद त्याचा जुना स्नेही अलेक्झांडर डॅलरिंपलकडे गेले. समुद्राने रेनेलला पुन्हा ओढून घेतले ते वेगळ्या वाटेने. जहाजांच्या शेकडो रोजनिश्या जमवून तो अटलांटिकमधील प्रवाहांचा माग काढू लागला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांजवळ जहाजांना नकळत उत्तरेकडे लोटणाऱ्या प्रवाहावर त्याने १७९३ मध्ये लिहिले. त्या प्रवाहाला पुढे त्याचेच नाव पडले. येथे त्याच्या हाताशी नाविकांनी रोज टिपलेले हजारो आकडे होते आणि हे काम टिकले.

२९ मार्च १८३० रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी रेनेल वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचे दफन झाले. त्यापूर्वी एक आठवडा, म्हणजे २२ मार्चच्या सुमारास रिचर्ड आणि जॉन लँडर हे दोघे भाऊ पश्चिम आफ्रिकेत बडाग्री येथे उतरले होते. पार्क जेथे संपला त्या बुसापासून होडीने ते नायजरच्या प्रवाहाबरोबर निघाले आणि नोव्हेंबरमध्ये नदीने त्यांना गिनीच्या आखातात आणून सोडले. वांगाराची सरोवरे एका फटक्यात नाहीशी झाली. पर्वत मात्र राहिले. नदी त्यांना ओलांडून समुद्रास मिळते हे सिद्ध झाल्यावर नकाशाकारांनी तिच्यासाठी रांगेत एक खिंड सोडली आणि बाकीची रांग तशीच ठेवली. बँजेने ती खोटी ठरविल्यानंतरही विसाव्या शतकातील काही अ‍ॅटलसच्या सूचींत तिचे नाव अधूनमधून डोकावत राहिले.

मुलगी जेनने वडिलांचा अटलांटिकच्या प्रवाहांवरील ग्रंथ १८३२ मध्ये प्रसिद्ध केला.

बंगालचा नकाशाही आज जमिनीशी जुळत नाही, पण त्याचे कारण निराळे. १७८७ च्या महापुरात तिस्ता नदीने गंगेची वाट सोडली आणि ती ब्रह्मपुत्रेला जाऊन मिळाली. त्यानंतरच्या काही दशकांत ब्रह्मपुत्रेचे मुख्य पाणीही पश्चिमेला जमुनेच्या पात्रात सरकले आणि मैमनसिंगवरून वाहणारे जुने पात्र क्षीण झाले. तेव्हा या नद्या पूर्वी नेमक्या कोठून वाहत होत्या हे पाहायचे असले, की बांगलादेशातील आणि भारतातील नदी-अभ्यासक रेनेलचा १७७९ चा अ‍ॅटलस उघडतात.